सर्व्हिस डिझाइनच्या परिषदेत बोलायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दवाखान्यांतल्या सेवांचं सर्व्हिस डिझाइन करते, म्हणजे सेवा घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला सोयीची व्हावी अशी तिची आखणी करते. त्याबद्दल परिषदांमधून बोलते आणि पहिल्यांदा बोलणाऱ्यांच्या तालमींना बसते. दर वेळी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतेय. माझं बरंचसं सांगणं एका शब्दाभोवती फिरतं, तो आधीच सांगते: हेलपाटा. माणूस लांबून येतो, रांगेत उभा राहतो आणि काम न होता परत जातो. तुमच्या कामामुळे कोणाचा हेलपाटा वाचला, किंवा का वाचला नाही, हे ज्या भाषणातून कळतं ते ऐकणाऱ्यांबरोबर घरी जातं.

मी शिकलेला डिझायनर नाही. मला बोलायला उभं करतील का?

करतील, आणि तुम्ही उभं राहायलाच हवं. सेवेचा ब्लूप्रिंट, म्हणजे सेवेच्या समोर दिसणाऱ्या आणि पडद्यामागच्या पायऱ्यांचा नकाशा, ही कल्पना लिन शोस्टॅक यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली. त्या बँकेतल्या अधिकारी होत्या. जर्मनीतल्या कोलोनच्या डिझाइन शाळेत सर्व्हिस डिझाइन हा विषय स्वतंत्रपणे शिकवायला सुरुवात झाली ती १९९० च्या दशकात. म्हणजे या विषयाचं मूळच सेवा देणाऱ्यांच्या अनुभवात आहे. वॉर्डातली सिस्टर, एसटीचा डेपो मॅनेजर, सेतू केंद्र चालवणारी बाई, पतसंस्थेचा कॅशियर यांच्याकडे जे सांगण्यासारखं असतं, ते पाच वर्षं स्टुडिओत बसून मिळत नाही. प्रस्तावात स्वतःची ओळख लिहिताना हुद्दा लपवू नका. 'बारा वर्षं केस पेपर काढण्याच्या खिडकीवर' ही ओळख निवड समितीला थांबून वाचायला लावते.

कुठे बोलता येईल?

जगभरातले लोक जमतात ती सर्व्हिस डिझाइन नेटवर्कची जागतिक परिषद. हे नेटवर्क २००४ साली सुरू झालं आणि परिषद २००८ पासून भरते, दर वेळी वेगळ्या शहरात. तिथे प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचा भरणा असतो. संशोधन करणाऱ्यांसाठी सर्व्हडेस ही परिषद आहे. तिची सुरुवात २००९ मध्ये ऑस्लोला झाली. तिथे पूर्ण शोधनिबंध लागतो आणि परीक्षकांना लेखकाचं नाव कळू दिलं जात नाही. भारतात सर्व्हिस डिझाइनची भाषणं बहुतेक वेळा यूएक्स (वापरणाऱ्याचा अनुभव) किंवा एचसीआयच्या (माणूस आणि संगणक यांच्यातला व्यवहार) परिषदांमधून होतात.

पण पहिलं भाषण लांब कशाला? पुण्या-मुंबईत डिझाइनवाल्यांच्या संध्याकाळच्या बैठका होतात, रुग्णालय व्यवस्थापनाचे आणि सहकारी बँकांचे मेळावे होतात. सहकारी बँकेच्या मेळाव्यात सर्व्हिस डिझाइनवर बोलणारे तुम्ही कदाचित एकटेच असाल आणि समोर बसलेल्या प्रत्येकाकडे एक काउंटर असेल. मला तरी तो श्रोता जास्त मोलाचा वाटतो.

प्रस्तावात काय लिहायचं?

बहुतेक परिषदा काही महिने आधी प्रस्ताव मागवतात. शीर्षक, साधारण २०० ते ३०० शब्दांचा सारांश, ऐकणाऱ्याला काय मिळेल ते दोन-तीन ओळींत आणि तुमची ओळख, एवढंच असतं. समितीसमोर अशा प्रस्तावांची थप्पी असते, म्हणून पहिल्या दोन ओळींत माणूस, जागा आणि अडचण दिसली पाहिजे.

माझ्याकडे येणारे कच्चे मसुदे बहुधा असे सुरू होतात: 'सार्वजनिक आरोग्यसेवेत रुग्णकेंद्री दृष्टिकोनातून परिवर्तन घडवण्याच्या आमच्या प्रवासाविषयी.' यात चूक शोधता येत नाही आणि दिसतही काही नाही. तोच प्रस्ताव असा लिहून बघा: 'आमच्या रुग्णालयात रुग्णाला केस पेपर, डॉक्टर, रक्ततपासणी आणि औषधं अशा चार खिडक्यांवर उभं राहावं लागतं. रिपोर्ट दुपारी मिळतो, पण काही गावांची एसटी त्याआधीच सुटते. त्यामुळे एका तपासणीसाठी दोन फेऱ्या होतात. आम्ही रक्त घेण्याची वेळ बदलली. त्याने काय सुटलं, प्रयोगशाळेवर काय ताण आला आणि काय अजून तसंच आहे, ते सांगेन.'

शेवटचा भाग, 'काय अजून तसंच आहे', कधीच गाळू नका. परीक्षकांचा विश्वास बसतो तो तिथे.

आमचं काम फसलं. त्यावर बोलावं का?

जरूर बोला, मात्र फसलं ते सांगून थांबू नका, कुठल्या पायरीवर फसलं ते दाखवा. टोकन मशीन बसवलं आणि महिन्याभरात त्यावर प्लास्टिकचं कव्हर चढलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. कव्हर का चढलं? कागदाचा रोल संपल्यावर तो कोणी मागवायचा हे ठरलेलंच नव्हतं म्हणून? की वयस्कर लोकांना टोकनचा नंबर वाचता येईना, म्हणून शिपायानेच पुन्हा रांग लावायला सुरुवात केली? या दोन उत्तरांमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर आहे आणि दुसऱ्या शहरातला कोणीतरी उद्या तेच मशीन विकत घेणार आहे. त्याला हे ऐकायचं असतं.

डबेवाल्यांचं उदाहरण देऊ का? परदेशात लोकांना आवडतं.

आवडतं, म्हणूनच ते फार वेळा दिलं जातं. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली ही सेवा, डब्याच्या झाकणावरची रंगांची आणि आकड्यांची खूण, लोकलचं वेळापत्रक, हार्वर्ड बिझनेस स्कूलची २०१० ची केस स्टडी, हे सगळं श्रोत्यांतल्या अर्ध्या लोकांनी ऐकलेलं असतं. त्यात 'इतक्या लाखांत एकच चूक' हा आकडा स्वतः तपासल्याशिवाय कधीही स्लाइडवर टाकू नका. मोजणी कोणी केली, असं कोणीतरी विचारतंच.

डबेवाल्यांबद्दल मनापासून बोलायचं असेल तर त्यांच्यासोबत एक दिवस काढा आणि स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगा. दादरच्या फलाटावर डबे उतरवून पुन्हा लावायला किती हात लागतात? २०२० च्या मार्चमध्ये लोकल थांबली तेव्हा ही सेवाही थांबली. मग ती नेमकी कशावर उभी होती? यातून नवं काहीतरी निघेल. नाहीतर तुमच्या गल्लीतलं रेशन दुकान घ्या, ते कोणी ऐकलेलं नाही.

ब्लूप्रिंट स्लाइडवर कसा दाखवू? आमचा भिंतभर आहे.

भिंतभर ब्लूप्रिंटचा फोटो पडद्यावर लावणं ही या परिषदांमधली सर्रास दिसणारी चूक आहे. मागच्या रांगेला फक्त रंगीत चिठ्ठ्या दिसतात. 'हे वाचता येणार नाही, पण...' असं म्हणावं लागणार असेल तर ती स्लाइड काढून टाका.

शोस्टॅक यांचा १९८४ चा लेख आठवा. त्यातलं एक उदाहरण रस्त्याच्या कोपऱ्यावर बूटपॉलिश करणाऱ्याचं आहे. ब्रश मारणं, पॉलिश लावणं, चमकवणं, पैसे घेणं, अशा चार पायऱ्या. चुकीच्या रंगाचं पॉलिश लागलं तर काय, हा चुकण्याचा एक बिंदू. खाली एक रेषा, आणि त्या रेषेखाली गिऱ्हाइकाला न दिसणारं काम: सामान निवडणं, विकत आणणं. काम होण्याची प्रमाणवेळ दोन मिनिटं, आणि गिऱ्हाईक खपवून घेईल अशी जास्तीत जास्त वेळ पाच मिनिटं. एवढ्या चित्रात अख्खी सेवा कळते. तुमच्या भिंतीतूनही असाच एक तुकडा कापा: चार-पाच पायऱ्या, एक अडलेली जागा आणि पडद्यामागचं एक काम. बाकीचं ज्याला हवं त्याला नंतर पाठवता येतं.

माझ्या पहिल्या भाषणात मी नेमकं उलटं केलं होतं. वीस मिनिटांतली चौदा मिनिटं पद्धतीवर गेली: मुलाखती किती, कार्यशाळा किती, चिठ्ठ्या कशा लावल्या. शेवटी जेमतेम दहा सेकंद एक फोटो दाखवला. केस पेपरच्या खिडकीच्या काचेला, खालच्या अर्धगोल भोकाच्या वर, तिथल्या क्लार्क ताईंनी चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा दोऱ्याने बांधला होता. त्यावर स्केचपेनने लिहिलेलं: 'आज डोळे. उद्या हाडांचे. नाक-कान-घसा गुरुवारी.' कडा हाताळून काळ्या पडलेल्या आणि 'उद्या' या शब्दावर बदलता यावी म्हणून वेगळी पट्टी चिकटवलेली. लोक रांगेत तासभर उभे राहून खिडकीशी यायचे आणि तिथे कळायचं की आज तो डॉक्टर नाही. ते बघवेना म्हणून ताईंनी स्वतःच तो पुठ्ठा बांधला होता. चहाच्या वेळी मला सगळ्यांनी विचारलं ते त्या पुठ्ठ्याबद्दल, पद्धतीबद्दल एकानेही नाही. आता मी सुरुवातच त्या पुठ्ठ्यापासून करते.

मराठी मजकूर स्लाइडवर नीट दिसत नाही. काय करावं?

हे प्रत्येक तालमीत घडतं. तुमच्या लॅपटॉपवर सुंदर दिसणारं देवनागरी आयोजकांच्या लॅपटॉपवर गेलं की फुटतं. जोडाक्षरं सुटतात, रफार भलत्याच अक्षरावर बसतो, ऱ्हस्व वेलांटी अक्षर सोडून दुसरीकडे उभी राहते. कारण साधं आहे, तो फॉन्ट तिथे नसतो. म्हणून अंतिम प्रत नेहमी पीडीएफ करून घ्या, फॉन्ट त्यातच बसवलेला असू द्या आणि ती पेन ड्राइव्हवर ठेवा. 'मुक्त' नावाचा किंवा 'नोटो सान्स देवनागरी' असा एखादा युनिकोड फॉन्ट वापरा. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमधला मजकूर तसाच उचलून चिकटवू नका.

देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे रोमन अक्षरांच्या मापाने ठेवलेल्या ओळी एकमेकींत अडकतात. ओळींमधलं अंतर वाढवा, अक्षर ३० पॉइंटच्या खाली नेऊ नका. फिकट राखाडीवर पांढरं अक्षर छान दिसतं असं वाटतं, पण सभागृहाच्या प्रोजेक्टरवर ते गायब होतं. साध्या मजकुराला मागच्या रंगाशी उजळपणाचा किमान ४.५ ला १ इतका फरक हवा, हा वेबवरच्या सुलभतेचा निकष इथेही पाळा.

रुग्णांचे, नागरिकांचे फोटो दाखवले तर चालतील का?

विचारल्याशिवाय नाही. आणि 'विचारलं होतं' म्हणजे काय ते स्वतःला नीट विचारा. तापाने फणफणलेल्या मुलाला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या आईने मान हलवली, ती संमती नव्हे. तिला वाटलं तुम्ही दवाखान्यातले, नाही म्हटलं तर नंबर जाईल. फोटो कुठे दाखवणार, कोण बघणार, नेटवर जाईल का, हे तिच्या भाषेत सांगा आणि नाही म्हणायला वाट ठेवा. चेहरा दाखवायची गरज तशी क्वचितच पडते. हात, पिशवी, घडीवर फाटलेला जुना केस पेपर, भिंतीला टेकवून ठेवलेली काठी एवढं पुरेसं बोलतं.

कागदपत्रांबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सातबारा, आधार, रेशन कार्ड किंवा रिपोर्टवरचं नाव झाकायला स्लाइडमध्ये काळी चौकट ओढली, तर ती चौकट कोणीही उचलून बाजूला करू शकतो. फोटो कापला तरी कापलेला भाग फाइलमध्ये शिल्लक राहू शकतो. नाव मूळ चित्रातच पुसा, मग ते चित्र स्लाइडवर आणा. भारतात २०२३ साली डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. पण कायदा नसता तरी त्या माणसाच्या आजाराचं नाव पडद्यावर झळकवायचा हक्क आपल्याला नव्हताच.

संस्थेची परवानगी लागते का?

लागते, आणि प्रस्ताव पाठवण्याआधी घ्या. निवड झाल्यावर परवानगी नाकारली गेली तर दोन्हीकडे तोंड दाखवणं कठीण होतं. सरकारी कार्यालय असेल तर लेखी ना हरकत मागा आणि अर्जासोबत भाषणाचा सारांश जोडा. साहेबांना भीती असते ती नाव खराब होण्याची. सारांश वाचला की ती बरीच कमी होते. संस्थेचं नाव न घेता 'एका तालुक्याच्या ठिकाणचं रुग्णालय' असं म्हणण्याचा मार्ग नेहमी खुला असतो आणि त्याने भाषणाचं काही बिघडत नाही.

वीस मिनिटांत किती सांगता येतं?

आधी विचारून घ्या की वीस मिनिटांत प्रश्नोत्तरं धरली आहेत का. बहुतेक वेळा धरलेली असतात, म्हणजे तुमच्या हातात पंधरा. इंग्रजीत मिनिटाला १२० ते १३० शब्द ही सोसवणारी गती. म्हणजे १,८०० ते १,९५० शब्द, त्यातही श्वास घ्यायला आणि चित्र बघू द्यायला जागा हवी. लिहिताना १,६०० वर थांबा. पेचाकुचाचा प्रकार असेल तर २० स्लाइड, प्रत्येकी २० सेकंद, त्याही आपोआप पुढे सरकणाऱ्या. तिथे एका स्लाइडला दोन वाक्यंच बसतात.

माझं इंग्रजी कच्चं आहे.

या प्रश्नाला उत्तर देताना मला नेहमी थोडं वाईट वाटतं, कारण चांगली माणसं याच एका भीतीपायी मागे राहतात. आंतरराष्ट्रीय परिषदेत बसलेल्या अनेकांची मातृभाषा इंग्रजी नसते. कोरियातून आलेल्या, ब्राझीलमधून आलेल्या माणसाला तुमची छोटी, सावकाश वाक्यं फाडफाड इंग्रजीपेक्षा सोपी जातात.

आणि आपले शब्द बिनधास्त वापरा. हेलपाटा या शब्दाला इंग्रजीत नेमका प्रतिशब्द मला अजून सापडलेला नाही. तो मी देवनागरीत मोठ्या अक्षरांत पडद्यावर ठेवते, एकदा सावकाश उच्चारते आणि एका ओळीत अर्थ सांगते. मग पुढचं सगळं भाषण तोच शब्द वापरते. एका परिषदेत प्रश्न विचारताना एका गृहस्थांनी तो माझ्याकडूनच शिकून माझ्यावर वापरला: 'तुमच्या नव्या पद्धतीत कर्मचाऱ्यांचे हेलपाटे किती वाढले?' प्रश्न रास्त होता. रक्ताचे नमुने दोनदा गोळा करायला लागल्यापासून प्रयोगशाळेतल्या माणसाच्या जिन्यावरच्या फेऱ्या वाढल्या होत्या आणि त्या मी मोजल्याच नव्हत्या. नंतर मोजल्या.

भारतातल्या परिषदेत मराठीतून किंवा मराठी-इंग्रजी मिसळून बोलायचं असेल तर आयोजकांना आधीच विचारा. महाराष्ट्रात भरणाऱ्या कार्यक्रमात तर विचारायलाच हवं.

तालीम कोणासमोर करायची?

तीन जणांसमोर. पहिली तालीम विषय माहीत असलेल्या सहकाऱ्यासमोर. दुसरी अशा कोणासमोर ज्याला सर्व्हिस डिझाइन म्हणजे काय हे माहीत नाही. घरात आत्या किंवा शेजारच्या काकू असतील तर उत्तम, त्या कंटाळल्या की लगेच कळतं. आणि तिसरी, जी जवळजवळ कोणीच करत नाही, ती ज्यांच्या कामाबद्दल तुम्ही बोलणार आहात त्यांच्यासमोर.

मी त्या क्लार्क ताईंना जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉपवर स्लाइड्स दाखवल्या. डबा बाजूला सारून त्यांनी बघितल्या आणि तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवलं. 'मॅडम, हे असं नाही. आधी रजिस्टरला नोंद, मग शिक्का. आधी शिक्का मारला आणि पेशंट निघून गेला तर नोंद राहून जाते, मग महिनाअखेरीस मीच बोलणी खाते.' आमच्या सगळ्या नकाशांमध्ये तो क्रम उलटा होता. त्यांनी दाखवला नसता तर ती चूक घेऊन मी व्यासपीठावर उभी राहिले असते.

प्रत्यक्ष दिवशी काय सांभाळायचं?

आदल्या सत्रात जाऊन सभागृह बघून या. माइक कॉलरचा आहे की हातातला ते विचारा. हातातला असेल तर क्लिकर दुसऱ्या हातात, मग कागद धरता येत नाही. साडीला किंवा कुर्त्याला कॉलर माइकची बॅटरी अडकवायला जागा नसते, त्यासाठी कमरेला पट्टा नाहीतर खिशाचं जॅकेट ठेवा. लॅपटॉप प्रोजेक्टरला लावायचा एचडीएमआयचा जोड स्वतःचा न्या. नाटकवाल्यांसारखं तिसऱ्या घंटेच्या बरंच आधी विंगेत पोहोचा, आणि पहिली दोन वाक्यं तोंडपाठ असू द्या. बाकीचं आपोआप येतं.

प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर?

'हे आम्ही मोजलेलं नाही' असं सरळ सांगा. प्रश्न कळला नसेल तर पुन्हा विचारायला सांगा.

मानधन, प्रवासखर्च, व्हिसा?

आमंत्रित वक्त्यांना बहुधा मानधन आणि प्रवासखर्च मिळतो. प्रस्ताव पाठवून निवडलेल्यांना पुष्कळ ठिकाणी फक्त प्रवेशशुल्क माफ होतं, तेही काही ठिकाणी अर्धंच. होकार देण्याआधी हे लेखी विचारा, संकोच करू नका. स्वतःच्या खिशातून विमानाचं तिकीट काढून बोलायला जाणं प्रत्येकाला परवडत नाही. आयोजकांनाही हे ऐकू गेलं पाहिजे, नाहीतर व्यासपीठावर तेच ते मोठ्या कंपन्यांचे लोक दिसत राहतील.

युरोपातल्या शेंगेन देशांसाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. आयोजकांकडून आमंत्रणपत्र निवड झाल्याच्या आठवड्यातच मागून घ्या. त्यावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय ना ते तपासा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, ते आयोजक हमखास गाळतात.

प्रस्ताव नाकारला गेला. पुढे?

अभिप्राय मागा, मिळाला तर त्याप्रमाणे सुधारा आणि दुसरीकडे पाठवा. तेच काम पाच मिनिटांच्या छोट्या भाषणासाठी किंवा कार्यशाळेसाठी जास्त शोभत असेल, तेही बघा. माझा पुठ्ठ्याचा प्रस्ताव दोनदा परत आला होता. दोन्ही वेळा पहिल्या परिच्छेदात पुठ्ठा नव्हता.

भाषण झाल्यावर काही करायचं असतं का?

आलेले प्रश्न त्याच रात्री लिहून ठेवा, सकाळी निम्मे आठवत नाहीत. ज्यांना स्लाइड्स पाठवतो म्हणालात त्यांना आठवडाभरात पाठवा. आणि ज्यांच्या कामावर बोललात त्यांना फोन करा. मी ताईंना सांगितलं की तुमचा पुठ्ठा दोनशे लोकांनी पाहिला. त्यांनी विचारलं, 'मग आता पक्का बोर्ड कधी लावणार?' तो बोर्ड अजून लागलेला नाही. अर्ज दिलेला आहे, आणि मी दर महिन्याला त्याची चौकशी करते.